बिजली घराबाहेर का गेली नाही

अक्का माझ्या दुकानात स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकत होती आणि मी दाजींच्या काळ्या शाईची बाटली जुन्या पेपरात गुंडाळत होतो, तेव्हा फोन आला. माकणीहून, अक्का-दाजींच्या शेजारच्या सुलाबाईंचा. "बबनराव, मास्तर दारापाशी खुर्चीत बसल्यात, पर बोलंनात बघा. चपला घालून बसल्यात, म्हनून मला आधी वाटलं कुठंतरी निघाल्यात... हात लावला तर गार लागला." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझं दुकान उमरग्यात हमरस्त्याला लागून आहे, ट्रकांचा आवाज दिवसभर कानात असतो, पण तेव्हा तोही येईना. मी अक्काकडं वळलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघून सगळं ओळखलं. काय झालं, असं तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "दार उघडं हाय का, तेवढं इच्यार." मी विचारलं. उघडं होतं. अक्कानं बशी खाली ठेवली, पदर सावरला आणि शाईची बाटली आपल्या पिशवीत टाकून ती माझ्या आधी रस्त्यावर आली.

त्याला आता काही आठवडे झाले. दाजींचं नाव सांगितलं तर या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांना कळेल, कारण ते चित्राखाली नाव कधी लिहीत नसत, सही म्हणून नुसती एक वळलेली शेपटी काढत. पण ‘बिजलीबाई’ म्हटलं की आमच्या जिल्ह्यात निम्मी माणसं हसतात. दर रविवारी पेपरात तीन चौकटी. पहिल्या चौकटीत बिजली नावाच्या मांजरीला कुणीतरी बाहेर बोलावतं... कधी उंदीर, कधी शेजारचा बोका, कधी लग्नाची पत्रिका. दुसऱ्या चौकटीत बाई उठतात, आळस देतात, उंबऱ्यापर्यंत जातात. तिसरीत त्या पिठाच्या डब्यावर परत येऊन बसलेल्या असतात आणि कारण सांगतात. "ऊन लई हाय." "आज आवस हाय." "शेजारीण शिंकली." सगळ्यांत गाजलं ते, "निघाले होते, पर माणूस आडवा गेला." हे चित्र कापून लोकांनी पिठाच्या गिरण्यांत आणि दवाखान्यांत चिकटवलं. आमच्याकडं कुणी कामात टाळाटाळ केली की अजून म्हणतात, काय बिजलीबाई, आज कोण आडवं गेलं?

मी दाजींचा मेहुणा. मेहुण्यानं दाजींची चेष्टा करायची आणि दाजींनी ती मुकाट ऐकून घ्यायची, अशी रीत आहे, आणि मी ती नेमानं पाळली. ते माकणीच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. शाई, टाक, कागद माझ्या दुकानातून जायचे आणि त्या बदल्यात चित्र एसटीच्या कंडक्टरच्या हातून माझ्याकडं यायचं, मी ते पेपरच्या कचेरीला धाडायचो. पुढं मोबाइल आला तरी पहिला फोटो मलाच. म्हणजे बिजलीबाईंचा पहिला वाचक मी. "दाजी," मी म्हणायचो, "ह्या मांजरीला एकदा तरी धरणावर न्या. मासे तरी खाईल बिचारी." ते टाक पुसत म्हणायचे, "तिला मासे घरपोच येतात बबन. तू तुझं बघ." वाचकांची पत्रं यायची, त्यांतही एकच प्रश्न असायचा... बिजली बाहेर का जात नाही? त्याचं उत्तर त्यांनी कुणाला दिलं नाही. मी आज देतोय, तेही अक्काला विचारून. ती म्हणाली, "लिही की. आता कुनापासून झाकायचं?"

बिजली म्हणजे अक्का होती. लग्नानंतर काही वर्षांनी ती लोहाऱ्याच्या बाजारात गेली असताना, मेथीची जुडी हातात घेतलेली, तिची छाती एकाएकी धडधडायला लागली, श्वास पुरेना, पायातलं बळ गेलं. बायांनी तिला सावलीला बसवलं, पाणी मारलं, थोड्या वेळानं ती बरी झाली. डॉक्टरला काही सापडलं नाही. पण पुढच्या बाजारी पिशवी उचलली आणि तिच्या तळहातांना घाम फुटला. म्हणाली, "आज ऊन लई हाय, तुमीच जावा." मग बाजार सुटला. मग देऊळ सुटलं, मग माहेर, मग शेजारपाजार. धुऊन धुऊन आटलेल्या कापडासारखं तिचं जग आटत आटत उंबऱ्याशी येऊन थांबलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्याकडची माणसं कितीतरी वर्षं घरात झोपायला भ्यायची, पावसाळ्यातसुद्धा बाजा अंगणात टाकायची. सगळा मुलूख छपराला भीत होता, आणि पुनर्वसनात मिळालेल्या त्या दोन खोल्यांत माझी बहीण आभाळाला भीत होती.

उपाय झाले. मी स्वतः सोनारीला जाऊन काळभैरवाचा अंगारा आणला. सोलापूरचे डॉक्टर झाले. शेवटी उमरग्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दाजींकडून सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा मनाचा आजार आहे, बरा होतो. गोळ्या द्या, पण रोज एकेक पाऊल बाहेर काढायला हवं, आणि कुणीतरी सोबत चालायला हवं. दाजी मान डोलावून परत आले. गोळ्या त्यांनी नेमानं दिल्या. पावलाचं मात्र राहून गेलं. अक्काचा चेहरा पांढरा पडलेला त्यांना बघवायचा नाही. "नको त्रास देऊ तिला. घरात सुखी हाय ती." पुण्याच्या एका मोठ्या पेपरनं नोकरीला बोलावलं, ते गेले नाहीत. शाळा सुटली की सरळ घर. निवृत्त झाल्यावर शाळेचंही निमित्त गेलं. अक्काची कारणं ते ऐकायचे आणि रविवारी बिजलीच्या तोंडी घालायचे. अक्का वाचायची, हसायची. तिला कळत होतं. मूलबाळ नसलेल्या त्या घरात तेवढंच एक दोघांचं गुपित होतं, आणि माझ्या मते तेच दोघांच्या पायात दाव्यासारखं होतं.

मग निखिल आला. औशाचा पोरगा, पुण्यात सिनेमा शिकलेला, बिजलीबाई वाचत वाढलेला. "सर, बिजलीबाईंवर पिक्चर करायचाय. कार्टून नाही. खरी माणसं, खरी मांजर." दाजी इतके खूश झालेले मी त्यांच्या लग्नातही पाहिले नव्हते. पण पहिल्याच दिवशी निखिलनं विचारलं, बिजलीचा रंग कुठला. इतकी वर्षं काळ्या शाईत काढलेली मांजर, रंगाचा प्रश्नच आला नव्हता. "शाईचा," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. गावात मात्र वाद पेटला. कुणी म्हणे पांढरी, कुणी म्हणे पिवळी, कुणाला लहानपणापासून ती काळीच वाटत आलेली. त्यात कुणीतरी उठवलं की सिनेमावाल्यांना मांजरं पाहिजेत. आमच्याकडं मांजर न्यायची एकच पद्धत, पोत्यात. दुसऱ्या दिवशी दाजींच्या दारात पोती घेऊन रांग लागली, आणि निखिल "एकेक, एकेक" म्हणतोय तोवर लोकांनी सगळी पोती एकदमच सोडली. पुढं काय झालं ते सांगत नाही. सुलाबाईंच्या पत्र्यावरून एक बोका उतरवायला संध्याकाळ झाली. आणि या सगळ्या गोंधळात अक्काची कबरी मांजर खिडकीत तशीच बसून होती, मान वळवूनही न बघता. निखिल तिच्याकडं बघत राहिला. म्हणाला, "हीच." अक्का तिला ‘बया’ म्हणायची.

खरा वाद पुढं झाला. निखिलच्या गोष्टीत शेवटी बिजली घराबाहेर जात होती. दाजींनी कागद बाजूला ठेवले. "माझं मांजर उंबरा ओलांडत न्हाय."

"सर, दोन तास मांजर घरातच बसलं तर लोक थेटरातनं उठून जातील."

"मग लोक मांजरापेक्षा शहाणे म्हनायचे."

"पण तिनं जावं असं तुम्हाला कधीच वाटलं नाही?"

दाजी कागदांच्या कडा जुळवत बसले. मी तिथंच होतो, मला माहीत होतं त्यांना काय वाटतंय. मांजर बाहेर गेली, तर अक्काला त्यातनं हेच ऐकू येणार... बघ, मांजरीला जमलं, तुला नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एका शब्दानं टोचलं नव्हतं, ते आता पडद्यावर कसं टोचणार? तेवढ्यात आतून, भांडी घासता घासता, अक्काचा आवाज आला. "जाऊ द्या की तिला. तुमचं काय जातंय?" दाजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसला. शेवटी दोन्ही शेवट चित्रित करायचे आणि मग ठरवायचं, असं ठरलं.

शूटिंग त्याच घरात झालं, कारण बया दुसऱ्या घरात राहीना; कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं. खिडक्यांना काळी कापडं लावली. मांजर पळू नये म्हणून दार बंद, आवाज नको म्हणून पंखा बंद, आणि वर ते मोठाले दिवे. बाहेरची खोली त्यांची, अक्का स्वयंपाकघरात, दाजी कॅमेऱ्यामागं प्लास्टिकच्या खुर्चीत. जिनं एकाच घरात जन्म काढला, तिला आता त्यातलीही एकच खोली उरली. दाजी दर थोड्या वेळानं आत डोकावायचे, "बरी हायस का?" ती म्हणायची, "हाय." मी एकदा दुकानातून सामान घेऊन गेलो तर माझाच जीव गुदमरला. मी लगेच बाहेर अंगणातल्या कडुलिंबाखाली येऊन उभा राहिलो, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की मला बाहेर येता तरी येतं.

पिक्चरमधल्या मांजरीच्या मालकिणीचं, म्हणजे अक्काचंच, काम करायला एक नटी आली होती, चांगली मनमिळाऊ बाई. तिनं अक्काचंच एक जुनं इरकल मागून घेतलं होतं, तसाच अंबाडा घातला होता. शॉट संपला की ती दार उघडून सरळ लिंबाखाली जायची, मोबाइलवर बोलायची, चहा घ्यायची, परत यायची. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची. मी पाणी प्यायला आत गेलो तर हळूच म्हणाली, "बबन्या, माझं लुगडं नेसून ती बाई सारखी भाईर जातीया रे." मला वाटलं चिडलीय. तसं नव्हतं. एखादी गोष्ट पहिल्यांदा दिसावी तसा तिचा आवाज होता.

आणि मग तो शॉट आला. बयानं उंबरा ओलांडून अंगणात जायचं. मांजरं हाताळणाऱ्या माणसानं सगळं करून बघितलं. सुकट ठेवली, दोरा ओढला, लिंबाखाली दुधाची वाटी ठेवली. बया पिठाच्या डब्यावर बसून पंजा चाटत राहिली. सुलाबाई म्हणाल्या, ती फक्त अक्काच्या ताटलीला उठते. अक्काची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक पोचे पडलेली ताटली होती, ती चमच्यानं वाजवून "ये बया" म्हटलं की मांजर कुठूनही यायची. त्या माणसानं ताटली वाजवली. बयाचा एक कान हलला, बस. नटीनं वाजवली, तेही नाही. मोबाइलवर अक्काचा आवाज भरून लिंबाखाली लावला, तर बया उठली आणि उलट आत, अक्काच्या पायाशी जाऊन बसली. निखिलनं अक्काला बोलावलं नाही. त्याला दाजींनी सगळं आधीच सांगितलं होतं. पण सगळ्यांनाच कळलं की आता एकच इलाज आहे, आणि तो कुणीही तोंडानं बोलून दाखवेना.

अक्का ताटली घेऊन स्वतःच बाहेरच्या खोलीत आली. दार उघडं होतं. तिनं एका हातानं चौकट धरली. ताटलीतला चमचा वाजत होता. एक पाय तिनं उंबऱ्यापलीकडं ठेवला... तेव्हा दाजी खुर्चीतून ताडकन उठले, थेट कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, "अगं, आत ये. ऊन लई हाय."

आकाश भरून आलेलं होतं, ऊन नव्हतंच. दाजींनी ते वाक्य इतक्या सहज म्हटलं, जसं ते रोजच म्हणत असावेत. मला वाटतं ते म्हणतच असावेत. अक्कानं वळून त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. मग तिनं दुसरा पाय उचलला आणि ती अंगणात उतरली. लिंबापर्यंत गेली. झाडाला पाठ टेकवून उभी राहिली, तोंड घामानं भरलेलं, आणि ताटली वाजवायला लागली. "ये बया... ये..." बया उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच बसली. पुढं काही केल्या गेली नाही. तिच्यामागं आत दाजी उभे होते. ते काही उंबऱ्याबाहेर आले नाहीत.

निखिलनं तोच शॉट शेवटाला ठेवला. उंबऱ्यावर पाठमोरी बसलेली मांजर, आणि पलीकडं, जरा धूसर, ताटली वाजवणारी एक बाई. मांजर बाहेर गेलीही नाही आणि आत राहिलीही नाही, तेव्हा निखिलचंही खरं झालं आणि दाजींचंही. पिक्चर उमरग्याला आठवडाभर लागला. अक्का तो बघायला सुलाबाईंसोबत जीपनं आली, वाटेत दोनदा थांबावं लागलं, पण आली. अंधारात तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. दाजी आले नाहीत. म्हणाले, गुडघा दुखतोय.

त्यानंतर अक्का हळूहळू सुटत गेली. अंगण, गल्ली, देऊळ. गोळ्या चालूच होत्या, पण आता ती डॉक्टरीणबाईंकडं स्वतः जायची. पुढं बाजार, एकदा बायांच्या जीपमधून सोनारीची जत्रा. तिथून तिनं मला फोन केला, मागं नुसता गलबला, आणि ती म्हणत होती, "बबन्या, लई गर्दी हाय रे," आणि हसत होती. मी फोन ठेवून दुकानात रडलो, लाजायचं काय त्यात. आणि दाजी... दाजी घरातच राहिले. चला म्हटलं की आज आभाळ आलंय. उद्या म्हटलं की उद्या आवस. मला आधी मौज वाटायची, नंतर लक्षात आलं की फोनवर मला जे कारण सांगितलं तेच रविवारी बिजलीच्या तोंडी येतंय. आता त्यांना कारणं पुरवायला घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी तिला जपलं, हे खरंच आहे. पण तिला राखता राखता त्यांचाच पाय आत रुतला होता, आणि ती उठून गेल्यावर ते उघडं पडलं. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "दाजी, आता तुमच्यासाठी ताटली वाजवायची का?" नेहमीसारखे ते हसले नाहीत. म्हणाले, "वाजवून बघ. मला ऐकू येतं बबन. उठताच येत न्हाय."

सुलाबाईंचा फोन आला त्या दिवशी शाई संपली होती, म्हणून अक्का एकटी एसटीनं माझ्याकडं आली होती. निघताना ती दाजींना म्हणाली होती, "येताना गाडी फाट्यावर सोडंल. मला घ्यायला तेवढं फाट्यापतूर या." हे असं ती दर वेळी म्हणायची. दर वेळी दाजी एक कारण सांगायचे. त्या दिवशी, अक्का सांगते, त्यांनी कारण सांगितलं नाही. नुसतं "बघू" म्हणाले.

आमच्याकडं घरात कुणी चपला घालत नाही. आम्ही पोचलो तेव्हा खुर्ची दाराकडं तोंड करून होती आणि दाजींच्या पायांत चपला होत्या, पट्टे लावलेल्या. न वापरल्यानं चामडं वाळून कडक झालेलं. फाट्यापर्यंत पाच मिनिटांचीसुद्धा वाट नाही. अक्का त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिनं हाताच्या बोटांनी ते पट्टे चाचपले, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग मोठ्यानं रडली.

परवा मी माकणीला गेलो होतो. खुर्ची तिथंच आहे. शाईची बाटली कोनाड्यात, अजून त्याच पेपरात गुंडाळलेली. संध्याकाळी अक्का ताटली घेऊन लिंबाखाली गेली, वाजवली, आणि बया उंबऱ्यापर्यंत येऊन बसली, नेहमीसारखी. तिच्याशेजारी, घराच्या आत, दाजींच्या चपला होत्या, टाचा खुर्चीकडं, पुढची टोकं दाराकडं. मृताच्या चपला घरात ठेवू नयेत म्हणतात, म्हणून मी उचलायला वाकलो. अक्का अंगणातूनच ओरडली.

"राहू दे तिथंच. निघालेत ते."